फावडं का निवडलं?

इच्छा नसतानाही, कुणी बळेच ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो, असं अर्जुन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारतो. कृष्ण काम आणि क्रोध यांच्याकडे बोट दाखवतो. मानसशास्त्राने या प्रश्नाला आणखी एक बोचरी बाजू असल्याचं दाखवलं: आपल्या कृतीचं खरं कारण ठाऊक नसतानाही माणूस ते ठामपणे सांगतो.

जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण स्त्रीची हकिगत लिहिली. तिला नवी आठवण टिकत नसे. नेहमीचे डॉक्टरही तिला अनोळखी वाटत. त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टोचल्याचं ती विसरली. पण पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मायकल गॅझॅनिगा आणि जोसेफ लडू यांनी केलेला प्रयोग तर झोप उडवणारा आहे. अपस्मारावरच्या उपचारात त्यांच्या रुग्णाच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतूंचा पट्टा कापलेला होता. उजव्या गोलार्धाला बर्फाचं दृश्य दाखवलं, डाव्याला कोंबडीचा पंजा. मग जुळणारी चित्रं निवडायला सांगितलं. डाव्या गोलार्धाच्या ताब्यातला उजवा हात कोंबडीकडे गेला, उजव्याच्या ताब्यातला डावा फावड्याकडे. फावडं कशाला? उत्तर देणाऱ्या डाव्या गोलार्धाने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी तो अडखळला नाही: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच!

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

न आठवणारा अनुभवही कृती घडवतो, याच्या जवळ जाणारा विचार पतंजलींच्या योगपरंपरेत आहे. प्रत्येक अनुभव चित्तावर संस्कार ठेवतो, संस्कारांतून नव्या वृत्ती उठतात आणि त्या पुन्हा संस्कार घडवतात. पण म्हणून ‘हे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं’ असं म्हणू नये. पतंजलींना मोक्ष हवा होता, गॅझॅनिगांना मेंदूची रचना समजून घ्यायची होती. या दोन वाटा एक केल्या, तर दोघांवरही अन्याय होतो.

मग जबाबदारी उरते का? उरते, पण ती कृतीच्या क्षणापुरती नसते. संस्कार सवयीने घडत असतील, तर रोज काय गिरवायचं याचं उत्तरदायित्व माणसाचंच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला आवरणं वारा अडवण्याइतकं अवघड म्हणतो, तेव्हा कृष्ण ते नाकारत नाही. तो अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतो. चित्तवृत्तींच्या निरोधासाठी योगसूत्रांच्या पहिल्या पादातही हेच दोन उपाय दिले आहेत.