जीभ कुणाची वळते?

'खाण तशी माती' ही म्हण ज्यानं काढली त्याला शेजारी नसावेत. असते तर त्यांच्या पोरांकडे बघून त्यानं फेरविचार केला असता. आम्हां कोल्हापूरकरांचा मात्र रक्तावर भारी विश्वास. पोरगं तालमीत चार बैठका मारून आलं की 'आज्ज्यावर गेलंय', आणि गणितात नापास झालं की 'मामावर गेलंय'. नफा आपल्या खात्यात, तोटा सासुरवाडीच्या! अशी एंट्री मी बँकेत केली, तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन.

माझी कन्या नववीत आहे. आमच्या वेळी आनुवंशिकता म्हणजे मेंडेलचे वाटाणे. ते पाठ करायचे आणि पेपरात सोलायचे. हिच्या बाई करून बघायला लावतात. परवा हिनं केळं कुस्करलं, त्यात मिठाचं पाणी नि भांडी घासायचं लिक्विड घातलं, गाळलं आणि कडेनं फ्रीजमधलं गार सर्जिकल स्पिरिट सोडलं. बघता बघता पांढरे धागे वर आले. 'बाबा, हा डीएनए!' आपल्या एकेका पेशीत असला सुमारे दोन मीटर धागा गुंडाळलेला असतो म्हणे. मी थक्क झालो. सौ. एवढंच म्हणाली, 'त्या पातेल्यात आता दूध तापवायचं नाही.'

इथवर ठीक होतं. केळ्याला अब्रू नसते. पुढचा प्रकल्प माणसांचा निघाला. जीभ पन्हाळीसारखी वळवता येणं हा प्रभावी जनुकाचा गुण. आईबाप दोघांचीही वळत नसेल तर पोराची वळायची नाही, असं हिनं कुठंसं वाचलं होतं. झालं, वही घेऊन अपार्टमेंटभर हिंडली. सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही. पण जीभ दाखवायला बाराही बिऱ्हाडं हजर.

तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची जीभ छान वळली. त्याच्या आईची वळेना, वडिलांचीही नाही. त्या माउली चहा ठेवायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पोर दत्तक आहे हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पोराला नाही.

'बाबा, हे लिहू की नको?'

आता काय सांगणार? खोटं लिहू नये, हे मीच तिला शिकवलेलं. पण चारचौघांत दुसऱ्याच्या घरातलं खरं वाचून दाखवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? बँकेत कुणाची शिल्लक खरी असली तरी मी ती काउंटरवरून ओरडून सांगत नाही.

मग तिनंच आणखी वाचलं. जिभेचा हा सिद्धांत १९४० मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं मांडला. १९५२ मध्ये दुसऱ्या एकानं हुबेहूब जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या; ७ जोड्यांत एकाची जीभ वळे, दुसऱ्याची नाही. स्टर्टेव्हंटनं ते मान्य केलं आणि १९६५ मध्ये, आपला सिद्धांत अजून पुस्तकांत छापतात याची लाज वाटते, असं चक्क लिहिलं. माणूस मोठा. म्हणजे त्या जिभेवरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

मी सुटकेचा श्वास टाकला. कन्या म्हणाली, 'पण बाबा, खऱ्या डीएनए तपासणीत कळतंच की. तेव्हा काय करायचं?' बी.कॉम.ला हा पेपर नव्हता.

मला एवढंच ठाऊक की १९५६ च्या कायद्यानं दत्तक मूल हे पोटच्या मुलासारखंच वारस. आणि कायदा कशाला? कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये इथल्या गादीवर दत्तक आला, म्हणून कोल्हापूरला शाहू महाराज मिळाले. त्याच महाराजांनी १९१८ मध्ये बापामागून लेकाकडं जाणारी कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले. आणि त्यांच्याच गावात आम्ही रक्ताच्या गप्पा मारतो!

पोराला सांगायचं ते त्याचे आईबाप सांगतील, कधी सांगायचं तेही तेच ठरवतील, असं आम्ही दोघांनी ठरवलं. कन्येनं ते वहीचं पान फाडलं नाही; सगळ्यांचीच नावं काढली, मजलेही काढले आणि जुळ्यांची हकिकत वर लिहिली.

तिसऱ्या मजल्यावरचा पठ्ठ्या आता रोज जिन्यात मला अडवतो. 'काका, तुमची जीभ का वळत नाही?' आणि ऑफिसची बॅग खांद्याला लावून मी तिथंच प्रॅक्टिस करत उभा राहतो.