समुद्राला रविवार नसतो

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी उद्यान. यांतल्या एकाचीही हद्द खुल्या किनाऱ्याला भिडत नाही. त्यामुळे पुण्याच्या माणसाला राखीव जंगल, समुद्र आणि एक मुक्काम हे तिन्ही एकाच फेरीत हवे असतील, तर नकाशावर बोट फिरवत फिरवत तो फणसाडला येऊन थांबतो. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य. १९८६ साली जाहीर झाले. त्याआधी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. गारंबीच्या वेलींनी गुंतलेली झाडी, तिच्यात शेकरू, सांबर, भेकर, क्वचित बिबट्याही. जंगलातल्या पाणथळ जागांना तिथे ‘गाण’ म्हणतात. आणि डोंगर उतरला की काशीद, नांदगाव, मुरूड अशा पुळणी.

आत शिरायचे तर सुपेगावला वनखात्याकडे नोंद करावी लागते आणि अंधार पडल्यावर जंगलात पायी हिंडू देत नाहीत. राज्यातल्या अभयारण्यांत सामान्य माणसाला अख्खी रात्र काढायला मिळते ती बहुधा बुद्धपौर्णिमेला, पाणवठ्यावरच्या मचाणावर, तीही जागचे न हलता. पुष्कळ ट्रेकर यावर चिडतात. मला चिडण्यासारखे त्यात काही दिसत नाही. दिवसभर आपण हिंडल्यावर रात्र तरी सांबराला मोकळी मिळावी. तेव्हा बेत आपोआप ठरतो : दिवसा जंगल, रात्री गाव, पहाटे किनारा.

घोळ होतो तो या तिसऱ्या भागात. व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार होतो, गाडी ठरते, ताम्हिणी की वरंधा यावर दोन दिवस जातात, दरडोई खर्च निघतो, तंबू कुणाकडे आहेत याची यादी होते. निघायचे शुक्रवारी रात्री, हे मात्र कुणी ठरवलेले नसते. ते गृहीतच असते. सह्याद्रीत हे चालून जाते. राजगड शनिवारी जिथे असतो तिथेच बुधवारी असतो. किनाऱ्याची वाट तशी नाही. ती दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते.

याचा उघड्या डोळ्यांनी पाहण्यासारखा दाखला म्हणजे हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागून डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि खाली लाटांनी जाळीदार करून टाकलेल्या खडकावर नेऊन सोडतात. ओहोटीला तिथून डोंगराला वळसा घालता येतो. भरतीला तोच खडक पाण्याखाली असतो किंवा लाटांच्या माऱ्यात असतो, आणि तिथून माणसे ओढली गेली आहेत. वाट तीच, देव तोच; सहा तासांचा काय तो फरक.

हे सहा तास कसे ओळखायचे? कोकणात याचे गणित तोंडी आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. ओहोटी सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी भर बाराला, डोक्यावर ऊन घेऊन. पौर्णिमेला आणि अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. म्हणजे किनारा मोकळा होतो तो पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. पाढे विसरलेल्या पिढीलाही एवढे जमावे.

तारखेला हे गणित लागू पडत नाही, तिथीला पडते, याचे कारण साधे आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते, आणि भरती आणणारेही हेच दोघे. रोज चंद्र सुमारे पाऊण तास मागे पडतो, तशी भरतीही पाऊण तास मागे पडते. (पुण्यातल्या टिळक पंचांगवाल्यांनी काळजी करू नये. इतर पंचांगांशी त्यांचा वाद आहे तो नक्षत्रांचा आणि अधिक महिन्याचा. चंद्रसूर्यातले अंतर दोन्ही पक्षांना सारखेच.) घरात भिंतीवर कालनिर्णय असतो. त्यात आपण चतुर्थी पाहतो ती उपासासाठी. त्याच चौकोनात समुद्राचे वेळापत्रकही असते, हे घाटावर कुणी सांगत नाही.

एका रात्रीच्या फेरीसाठी या हिशेबाने उत्तम दिवस निघतात ते पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. संध्याकाळी पोचलात तर पुळण मोकळी, मध्यरात्रीची भरती आपण झोपेत असताना येऊन जाते, आणि उजाडताना पुन्हा चालायला जागा. फक्त एक ध्यानात ठेवायचे. हे उधाणाचे दिवस. पाणी जेवढे लांब जाते तेवढेच वरही येते. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसे हालत नाही, उधाणाला ते संध्याकाळी तंबू ठोकलेली जागा मध्यरात्री मागून घेते. मर्यादावेल जिथे पसरलेली दिसते तिच्या खाली पाठ टेकू नये.

पाऊणपटीचे गणित दिवस निवडायला पुरे, पाण्यात पाय घालायला पुरे नाही. किनाऱ्याकिनाऱ्याला वेळ थोडी मागेपुढे होते, खाडीच्या तोंडाशी आणखी वेगळी. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके काढते, ती पाहावीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तेही पाहावेत. कारण दक्षिण हिंदी महासागरात कुठेतरी उठलेल्या वादळाच्या लाटा इथे वारा पडलेला असतानाही येतात. आणि शेवटी गावातल्या कोळ्याला विचारावे. त्याने नको म्हटले तर नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. फेब्रुवारी महिना, वादळ नाही, पाऊस नाही. डोंगराच्या सवयीचे शहर समुद्राला शांत म्हणते ते त्याचे रूप पाहून.

सिएटलकडे स्थायिक झालेली मराठी मंडळी ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर मुक्कामी चालतात, त्यांच्याकडून ऐकण्यासारखे असते. तिथे रात्रीचा परवाना आधी काढायचा, अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात ठेवायचे, आणि भरती-ओहोटीचे कोष्टक खिशात. काही भूशिरे भरतीला ओलांडताच येत नाहीत. मग वरून दोराला धरून चढायचे किंवा खाली बसून राहायचे. आपल्या देशात याच्या जवळचे म्हणजे जामनगरजवळचे नरारा. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चे. ओहोटीला वाटाड्याबरोबर प्रवाळांच्या खडकावर चालत जायचे आणि पाणी फिरायच्या आत परतायचे. दोन्हीकडे नियम एकच आहे, वेळ समुद्र सांगतो.

फरक मुक्कामाचा. तिकडचा किनारा निर्मनुष्य राखलेला आहे, म्हणून तंबू. आपला किनारा गावांचा आहे. इथे तंबूचा हट्ट मला कळत नाही. बाणकोटच्या खाडीपलीकडे, नाना फडणीसांचे जे वेळास, तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन कासवे राखली. कासवांचा महोत्सव सुरू झाला आणि गावाने पाहुण्यांना हॉटेलात नव्हे, घरात उतरवले. पडवीत अंथरूण, पानात उकडीचा मोदक. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि जाते. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्ले निघतात आणि उजेडाच्या रोखाने चालू लागतात, कारण रात्री समुद्रावरचे आकाश अधिक उजळ असते. नेमक्या त्याच पट्ट्यात आपण तंबू ठोकतो, शेकोटी पेटवतो, दिव्यांच्या माळा लावतो. जागा कशी निवडावी हे मादीला आपल्यापेक्षा बरे कळते. निदान तिची जागा तरी घेऊ नये.

बेत आखताना म्हणूनच मोकळे तास ठेवावेत. बागमांडला-वेसवी फेरीबोटीच्या रांगेत जाणारे, खाडीच्या तोंडाशी पाणी उतरायची वाट पाहण्यात जाणारे. पुणेकराला मोकळा तास म्हणजे नियोजनातली चूक वाटते. किनाऱ्यावर तो नियोजनाचा मुख्य भाग आहे. भरतीचे चार तास सुरूच्या बनात बसून काढायची तयारी नसेल, तर ही फेरी आपली नव्हे असे समजावे.

यंदा जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या पौर्णिमा-अमावास्या आधी काढा, मग गावात फोन करून घर ठरवा, आणि गाडीचे सगळ्यांत शेवटी पाहा. तिथी मंगळवारी येत असेल तर मंगळवारची रजा टाका. रजा मिळत नसेल तर त्या शनिवारी सिंहगड आहेच. त्याला तिथी लागत नाही.