शिवण निवेपर्यंत

दुधाची एक रिकामी पिशवी धुऊन, पुसून हातात घ्या. खिडकीजवळ बसा आणि काही वेळ फक्त तिच्याकडे पाहा.

पाठीवरून एक उभी रेघ गेलेली दिसेल. खाली एक आडवी रेघ, वर दुसरी. एवढ्या तीनच शिवणी. त्यांत दोरा नाही, डिंक नाही. सपाट प्लॅस्टिकच्या कागदाची नळी झाली, तळ मिटला, दूध आत आलं, तोंड मिटलं. ही पिशवी क्रेटमध्ये आपटत, ओलीचिंब होत, पहाटेच्या टेम्पोतून तुमच्या दारापर्यंत आली आणि त्या तीन रेघांनी थेंबही सांडू दिला नाही.

एका रेघेवरून अंगठा फिरवा. इथं काय घडलं असेल, याचा विचार करा.

हा कागद पॉलिथिनचा. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकीत एक गुंतलेल्या. साधारण 110 अंश सेल्सिअसला त्या सैल होतात, हलू लागतात. दोन पदर त्या वेळी एकमेकांवर दाबलेले असतील, तर या पदरातल्या साखळ्या त्या पदरात शिरतात. शिजलेल्या शेवयांचे दोन घास एकत्र कालवावेत आणि कुठली शेवई कुठल्या घासातली ते कळू नये, तसं होतं. मग ऊब उतरते, साखळ्या जागच्या जागी थिजतात आणि दोन पदरांमधली सीमा नाहीशी होते.

यासाठी ऊब हवी, दाब हवा, वेळ हवा. ऊब कमी पडली तर पदर चिकटल्यासारखे दिसतात आणि ओढताच सुटतात. जास्त झाली तर कागद विरतो, भोक पडतं. आणि सगळं बरोबर जमूनही हात लवकर उचलला, तर मऊ शिवण ताणली जाते. पॅकिंगच्या हँड सीलरवर बसणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. सीलरवरचा दिवा विझला तरी त्या दांडी क्षणभर दाबूनच ठेवतात. सीलरमधली तार तापण्याइतकंच तिचं निवणंही कामाचा भाग आहे. मेणबत्तीवर हॅक्सॉ ब्लेड धरून चिवड्याच्या पिशव्या मिटणाऱ्यांनीही हेच शिकून घेतलं होतं.

या निवण्यापाशी थोडं थांबा. त्या क्षणी हाताला करण्यासारखं काहीच नसतं, फक्त धरून राहायचं असतं. आपल्या किती कामांत आपण नेमका हाच क्षण गाळतो, ते मनाशी पाहा.

आता एक आकार करू. पॉलिथिनच्या कागदाचे दोन पदर एकावर एक ठेवा. त्यावर 30 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ आखा. वर-खाली बेकिंग पेपर घ्या. इस्त्रीची वाफ बंद, उष्णता नायलॉनच्या खुणेजवळ. आधी एखाद्या कात्रणावर अंदाज घ्या. कागदातून धूर निघता कामा नये. मग इस्त्रीच्या कडेनं रेघेवर थोडं थोडं दाबत पुढं जा, आणि प्रत्येक वेळी इस्त्री उचलली की घडी घातलेल्या फडक्यानं ती जागा निवेपर्यंत दाबून धरा. फुंकायची नळी घालण्यापुरतं तोंड उघडं राहू द्या.

नळी बसवा, तिच्याभोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि हळूहळू फुंका.

चेंडू होईल असं वाटलं असेल, पण तो होत नाही. मधे फुगीर, कडेला चुण्या पडलेली उशी होते. मोजून पाहा. 30 सेंटीमीटरचं वर्तुळ पूर्ण फुगलं की साधारण 23 सेंटीमीटरवर येतं आणि मधली जाडी 14 सेंटीमीटरच्या आसपास भरते. कडेची शिवण मात्र तेवढीच, सुमारे 94 सेंटीमीटर लांब. तिला आता 72 सेंटीमीटरच्या परिघात मावायचं आहे. उरलेली लांबी कुठं जाणार? ती चुण्यांत जाते.

कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं 1827 साली मांडलेल्या सिद्धान्तातून हेच निघतं की सपाट कागद ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय चेंडूसारखा गोल होत नाही. आपला कागद फारसा ताणला जात नाही, म्हणून तो दुमडतो. चुण्यांवरून बोट फिरवा. त्या कामातला दोष नाहीत. सपाट असलेल्याला गोल व्हायचं, तर त्यासाठी द्यावी लागणारी जागा म्हणजे या चुण्या.

फुंकर तीच ठेवा आणि रेघ बदला. दोन पदरांवर दहा-दहा सेंटीमीटरवर समांतर शिवणी घाला. प्रत्येक कप्पा फुगून नळी होईल आणि दहाची रुंदी जेमतेम साडेसहावर येईल. सगळी पट्टी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आखडते. मऊ पदार्थांपासून केलेल्या यंत्रमानवांचे काही स्नायू याच आखडण्यावर चालतात. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या गटानं 2016 साली ‘एरोमॉर्फ’ नावाचं काम मांडलं. त्यात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे डाग उष्णतेनं चिकटवले की हवा भरताच कागद, प्लॅस्टिक किंवा कापड नेमक्या त्या जागी वाकतं. डाग किती रुंद, यावर ते किती वाकणार हे ठरतं. हवेला यातलं काही ठाऊक नसतं. ती सगळीकडे सारखीच ढकलते. कुठं अडायचं ते शिवण सांगते, आणि आकार त्या अडण्यातून येतो.

आता नजर जरा वर न्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथं केसाहून पातळ पॉलिथिनचे लांब, टोकांना निमुळते पट्टे उष्णतेनंच एकमेकांना जोडून प्रचंड फुगे तयार होतात. दुर्बिणी आणि उपकरणं घेऊन ते 30 किलोमीटरहून उंच जातात. तिथं हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यावर आलेला असतो. म्हणून फुगा जमीन सोडतो तेव्हा त्याचा बराचसा भाग रिकामा, लोंबता असतो. वर गेल्यावर आतला वायू पसरेल, त्यासाठी ती जागा राखलेली असते. जमिनीवरच टम्म भरलेला फुगा तिथवर पोचणारच नाही.

हे मनात घोळू द्या. भरण्याचा उत्साह आपल्यात पुष्कळ असतो. नव्या कामात, मुलांच्या शिक्षणात, संस्था उभी करताना आपण आधी फुंकायला लागतो आणि शिवणींकडे नंतर पाहतो. मग जिथं दाब अडायला हवा तिथं तो सुटतो, आणि दोष मात्र आपण फुंकरीला देतो. मला वाटतं, आपली बरीच काळजी फुंकरीकडून शिवणीकडे वळायला हवी. काय कुठं जोडायचं, काय मोकळं सोडायचं, हे सपाट असतानाच, शांतपणे ठरवायला हवं.

तेव्हा हा प्रयोग एकदा स्वतः करा. घरात मूल असेल तर त्याला रेघ आखू द्या, इस्त्री तुम्ही धरा. फुगलेला आकार पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील ती जागा पुसून, वाळवून पुन्हा दाबा. खेळून झालं की तो कागद सुक्या कचऱ्यात, पुनर्वापरासाठी वेगळा ठेवा. आणि पुढच्या कुठल्याही कामात हवा भरण्याआधी शिवण निवली आहे का, ते बघा.