परक्या शेतातली रूथ



बायबलमधील रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी आणि तिचा नवरा दोन मुलांना घेऊन मवाब देशी गेले. पोट भरायला गेले. पण तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगेही गेले. नामी परत निघाली तेव्हा तिची मवाबी सून रूथ तिच्याबरोबर आली. आधी बेथलेहेमची माणसे मवाबात परकी होती. आता मवाबची मुलगी बेथलेहेमात परकी झाली. पोटासाठी ती सातूच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचू लागली.

ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो शेतमजूर धानाची कामे आटोपली की तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्यात बायाबापड्या पुष्कळ. शेताच्या कडेला ताडपत्रीचे पाल ठोकायचे, तीन दगडांवर भात शिजवायचा, दिवसभर मिरची तोडायची. हात जळतात, खोकला थांबत नाही. मालकाची भाषा तेलुगू, ती यांना येत नाही. बोलणे मुकादमामार्फत, हिशेबही त्याच्याच वहीत.

२०२० सालच्या २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागूही झाली. रेल्वे बंद, एस.टी. बंद. हे मजूर होते तिथेच अडकले. तोडणी संपत आलेली. काम संपले की मजुरी संपली. आठवडी बाजार बंद, मोबाईलचा रिचार्ज संपलेला, रेशनकार्ड गावच्या घरी पेटीत. इकडे रानात मोहफूल गळत होते, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येत होता. तेही पैसे बुडणार ही काळजी वेगळीच. काही मालकांनी तांदूळ दिला. काहींनी सांगितले, काम झाले, आता जा. कुठे जा? अनेकजण जंगलातून पायी निघाले. गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यातील एक बारा वर्षांची मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून निघाली, तीन दिवस चालली आणि घर जवळ आले असताना वाटेतच मरण पावली.

समुद्रापलीकडेही हेच घडले. सिंगापूरमध्ये तीन लाखांहून अधिक परदेशी कामगार त्यांच्या वसतिगृहांत कोंडले गेले. त्यांत आपल्या देशाचेही पुष्कळ होते. एकेका खोलीत दहा-बारा आणि त्याहून अधिक माणसे. जेवणाचे डबे दाराशी येत, पण बाहेर पाऊल टाकता येत नसे. शहर खुले झाल्यावरही त्यांच्यावरचे निर्बंध पुष्कळ काळ राहिले. कुवेतमध्ये एप्रिल २०२० मध्ये परदेशी कामगारांच्या दोन मोठ्या वस्त्याच बंद केल्या गेल्या. परत येण्यासाठी विमाने सुरू झाली ती ७ मेपासून. ज्यांच्या हातांनी ती शहरे उभी राहिली, तेच त्या शहरांत परके ठरले.

पण बंधू-भगिनींनो, बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी आपण आपल्याकडे पाहू या. त्या दिवसांत आपल्या महाराष्ट्रातही कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. बाहेरून येणारा आपल्याच गावचा लेक असला तरी त्याला आत घ्यायला लोक भ्याले. काळजी घेणे चूक नव्हते. चौदा दिवस शाळेत वेगळे ठेवणे गरजेचे होते. पण त्या शाळेच्या दाराशी पाण्याची घागर किती जणांनी ठेवली? मी स्वतः कबूल करतो: फाटकापाशी कोणी आला की मी आधी तोंड झाकायचो, मग दोन पावले मागे सरायचो. नाव विचारायचे बरेचदा राहूनच जायचे.

बवाजाने काय केले ते पाहा. ही कोणाची, असे त्याने विचारले. म्हणजे तिची ओळख करून घेतली. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या भांड्यांतले पाणी घे, असे सांगितले. तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांना ताकीद दिली. जेवणाच्या वेळी तिला जवळ बसवून हुरडा दिला. आणि तिला लाज वाटू नये म्हणून पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम गळू द्यायला लावली. यांतील एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देवाने हेच नियम घालून दिले आहेत: मजूर आपला असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, शेतात विसरलेली पेंढी परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्या. कारण तुम्हीही कधी मिसर देशात गुलाम होता.

आपले घुग्घुस कोळसा आणि सिमेंटच्या कामावर वाढलेले गाव. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा परमुलखातून इथे आले. आजही उत्तर प्रदेश, बिहार, छत्तीसगड, तेलंगणा येथून ठेकेदारीवर कामगार येतात आणि भाड्याच्या खोलीत चार-पाचजण राहतात. आपल्या दाराशी आलेली रूथ ती हीच.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. आपल्या गल्लीतील एका परप्रांतीय कामगाराचे नाव विचारू या. आपल्याकडे कोणी रोजाने काम केले तर त्याची मजुरी त्याच दिवशी देऊ या. आणि आपल्या तरुणांनी एवढे करावे: आता एका राज्याच्या रेशनकार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य मिळू शकते, आणि असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम कार्ड आहे; हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासोबत बसून ते काम करून द्यावे. २०२० साली हे मजूर उपाशी राहिले, त्याचे एक कारण कागद गावी राहिला हेही होते.

त्या परक्या मजूर स्त्रीचे पुढे काय झाले? ती दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयने येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले. बवाजाने ज्या दिवशी तिला पाणी दिले, त्या दिवशी त्याला हे ठाऊक नव्हते. आपल्यालाही ठाऊक नसते.

हे प्रभो, तूही बालपणी मिसर देशात परका होतास. घरापासून दूर राबणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप ठेव, आणि आमच्या दाराशी येशील तेव्हा तुला ओळखायची बुद्धी आम्हांला दे. आमेन.