झिंगाटची भाषा आणि झिंगाटचा प्रसंग

‘झिंगाट’ हे 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’ या चित्रपटातले गाणे. संगीत, शब्द आणि आवाज, तिन्ही अजय आणि अतुल गोगावले या भावांच्या जोडीचे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट करमाळ्याच्या मुलखात घडतो आणि कमाईत शंभर कोटींच्या घरात गेलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्या यशामुळे या गाण्याच्या चालीला आणखी दोन भाषा मिळाल्या. एस. नारायण यांनी दिग्दर्शित केलेला ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड अवतार 31 मार्च 2017 रोजी आला. संगीत अजय-अतुल यांचेच होते आणि नायिकाही रिंकू राजगुरूच. 20 जुलै 2018 रोजी हिंदीत ‘धडक’ आला. कथा उदयपूरला गेली आणि अमिताभ भट्टाचार्य यांनी त्याच चालीवर हिंदी शब्द बसवले. कन्नड चित्रपट ‘सैराट’च्या यशाच्या आसपासही फिरकला नाही. हिंदी बरा चालला. पण वरातीत, स्नेहसंमेलनात, विसर्जनाच्या मिरवणुकीत आजही वाजते ते बहुतेक मराठी झिंगाटच. महाराष्ट्राबाहेरही ते वाजते, आणि तिथे नाचणाऱ्यांत मराठीचे अक्षर न कळणारे पुष्कळ असतात.

याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. अभिरुचीचा ऱ्हास झाला, हे पहिले. प्रत्येक पिढीतल्या नाचाच्या गाण्याला ते लावले गेले आहे, त्यामुळे त्यात नवे काही कळत नाही. मराठी अस्मितेचा विजय, हे दुसरे. शब्द न कळताच नाचणाऱ्या माणसाने अस्मिता नेमकी कोणती मान्य केली, याचे उत्तर त्यात नाही. तिसरे मात्र इतके सोज्वळ आहे की त्याला कोणी हात लावत नाही: संगीताला भाषा नसते. एप्रिल 2025 मध्ये बेंगळुरूच्या पूर्वेला, होसकोट्याच्या दिशेच्या एका महाविद्यालयात हिंदीतल्या एका नामवंत गायकाचा कार्यक्रम झाला. कन्नड गाण्याची मागणी झाली, त्यावर शब्दाला शब्द वाढला, पोलिसांत तक्रार गेली, कर्नाटकातल्या चित्रपट संघटनांनी असहकाराची घोषणा केली आणि गायकाने माफी मागितली. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या समंजस मंडळींनी हेच वाक्य पुढे केले. भांडण मिटवायला ते सोयीचे आहे. विधान म्हणून ते टिकत नाही.

या मताचा सर्वांत भक्कम पुरावा स्वीडनमधून येतो. पेर गेस्ले आणि मारी फ्रेड्रिक्सन यांच्या रॉक्सेट या जोडीचे ‘द लूक’ हे गाणे ‘लूक शार्प!’ या 1988 च्या अल्बममधले. स्वीडनमध्ये शिकायला गेलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने तो अल्बम मायदेशी आणून मिनिआपोलिसच्या रेडिओ केंद्राकडे दिला. तिथून गाणे पसरले आणि एप्रिल 1989 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या कडव्यांतले बरेच शब्द गेस्ले यांनी चालीचा अंदाज घेण्यापुरते टाकलेले होते. पुढे बदलायचे म्हणून लिहिलेले ते शब्द तसेच राहिले. म्हणजे अर्थ जवळपास शून्य, गाणारी माणसे स्वीडिश आणि गाणे जगभर. संगीताला भाषा नसते हे सिद्ध करायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पण ते बारकाईने पाहिले की उलटते. चालीपुरते टाकलेले ते शब्द स्वीडिश नव्हते, इंग्रजी होते. अर्थ नव्हता, भाषा होती: तिचे आघात, तिची तुटक व्यंजने, कोणता स्वर कुठे ताणता येतो याचा हिशेब. शिवाय याच गेस्ले यांचा ‘युलेने तीदेर’ हा गट स्वीडिशमध्ये गात होता आणि स्वीडनमध्ये अफाट लोकप्रिय होता. मारी फ्रेड्रिक्सन यांचे स्वीडिश अल्बमही मायदेशात गाजत होते. तीच माणसे, तोच हात, तरी त्या गाण्यांना समुद्र ओलांडता आला नाही. संगीताला खरोखरच भाषा नसती तर या जोडीला इंग्रजीकडे वळायचे कारणच नव्हते. त्यांच्याआधी ‘आबा’ या स्वीडिश गटानेही 1974 ची युरोव्हिजन स्पर्धा इंग्रजी गाण्यावरच जिंकली होती. म्हणून ‘भाषा नसते’ हे वाक्य कोण उच्चारतो, तेही पाहावे लागते. ज्याची भाषा सगळीकडे आधीच पोहोचलेली आहे, त्याला ती दिसेनाशी होते.

या मताच्या मुळाशी चालीची एक यांत्रिक कल्पना आहे. होसकोट्यात स्वीडनच्याच व्होल्वो कंपनीचा कारखाना आहे. 1998 मध्ये तिथे ट्रकची निर्मिती सुरू झाली, पुढे बसगाड्याही होऊ लागल्या. अशा गाडीची चेसिस तीच ठेवून तिच्यावर मागणीप्रमाणे वेगवेगळी बॉडी चढवता येते. चाल म्हणजे चेसिस आणि शब्द म्हणजे बॉडी, असे संगीतव्यवसायाने गृहीत धरलेले दिसते. अजय-अतुल यांच्याच बाबतीत ते एकदा जमलेही. ‘जत्रा’मधल्या ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली आणि देशभर वाजली. पण तिथे शब्द भाषांतरित केले नव्हते. गाण्याचा प्रसंगच नवा रचला होता, अड्ड्यावरच्या नर्तकीचा, आणि हिंदी चित्रपटात तो प्रसंग कित्येक दशके रुळलेला होता. चाल चालली कारण तिला तयार जागा मिळाली.

खरा भेद इथे आहे. तो सभाष आणि निर्भाष गाण्यांचा नाही, तसाच उच्च आणि हीन गाण्यांचाही नाही. काही गाणी प्रसंग टाकून प्रवास करतात, काही प्रसंग बरोबर घेऊन. पहिल्या प्रकाराचा स्वच्छ नमुना पुन्हा रॉक्सेटचाच. ‘इट मस्ट हॅव बीन लव्ह’ हे 1987 मध्ये नाताळचे गाणे म्हणून निघाले होते. 1990 मध्ये ‘प्रिटी वुमन’ या अमेरिकन चित्रपटासाठी ते काढले तेव्हा नाताळचा उल्लेख असलेली ओळ बदलली, वाद्यमेळ थोडा नव्याने बांधला आणि जूनमध्ये ते अमेरिकेत पहिले आले. प्रसंग गळाला, विरहाची भावना उरली, आणि विरहाला कॅलेंडर लागत नाही. असे गाणे एकट्याने ऐकायचे असते. ऐकणारा त्यात स्वतःचा प्रसंग भरतो, म्हणून त्याला शब्द थोडे तरी कळावे लागतात. भाषेची गरज अशा गाण्यालाच जास्त असते.

झिंगाट दुसऱ्या प्रकारातले. त्यातून मिरवणूक काढून टाकली तर फारसे काही उरत नाही, आणि हा त्याचा दोष नव्हे. ‘सैराट’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंदासह झाले होते, याचे त्या वेळी मोठे कौतुक झाले, पण झिंगाटला त्या थाटाचा फारसा उपयोग नाही. त्याचा ठेका वरातीच्या पायांचा आहे. ओळी तुटक आहेत, कारण नाचणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायचा असतो. हाळी देण्याच्या जागा आधीच राखून ठेवलेल्या आहेत. अशा गाण्याचा अर्थ शब्दकोशात शोधून उपयोग नाही. जिथे वरात आहे, रस्ता आहे, लाजेची मर्यादा तासाभरापुरती सैल करण्याची मुभा आहे, तिथे ते आहे तसे कळते. कर्नाटकात हे सारे आहे. तमटे या चर्मवाद्याच्या तालावर नाचणारी जत्रेतली मंडळी आणि हलगीवर नाचणारी वरात यांच्यात ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणून मूळ झिंगाटला तिथे वाट मिळते आणि कन्नड शब्दांचे झिंगाट चित्रपटाबरोबरच मागे राहते. कन्नडमध्ये काही उणे होते म्हणून असे झाले नाही. जो प्रसंग एका आवाजात आधीच रस्त्यावर आला होता, त्याच्यासाठी दुसरा आवाज उशिरा पोहोचला.

इथे कन्नड बाजूला अन्याय होऊ नये. तिथे चित्रपट डब करण्यावर 1960 च्या दशकापासून अघोषित बंदी होती. शेजारच्या मोठ्या उद्योगांपुढे आपला छोटा उद्योग टिकावा, ही त्यामागची भीती होती आणि ती निराधार नव्हती. 2015 मध्ये स्पर्धा आयोगाने ही बंदी राबवणाऱ्या संघटनांना दंड केला, तरी ‘सैराट’ कन्नडमध्ये आला तो डब होऊन नव्हे, पुन्हा चित्रित होऊन. संगीताला भाषा नसते असे मानणाऱ्यांना हा आटापिटा हास्यास्पद वाटेल. ज्यांनी तो केला त्यांना मात्र चित्रपटाच्या गाण्याची भाषा कोण ठरवतो याची नेमकी जाण होती. चूक झालीच असेल तर ती एवढीच, की प्रसंग नेणाऱ्या गाण्याला प्रसंग टाकणाऱ्या गाण्याचा नियम लावला गेला.

हा भेद ‘सैराट’च्या आतच तपासता येतो. ‘याड लागलं’ हेही अजय-अतुल यांचेच. ‘धडक’मध्ये त्याचे ‘पहली बार’ झाले. हे एकट्याचे गाणे आहे, ऐकायचे आहे. हिंदी श्रोता ते हिंदीतच ऐकतो, त्याला मूळ मराठीची ओढ लागायचे कारण नसते. एकाच चित्रपटातल्या दोन चाली त्याच गीतकाराकडून हिंदी झाल्या, आणि एकीच्या मूळ रूपाला पर्याय मिळाला, दुसरीच्या मिळाला नाही.

प्रसंग सामाईक असला की भाषा बदलावी लागत नाही, ही गोष्ट मराठी-कन्नड मुलखाला नवी नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर होसकोटेही होते. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचले, इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ते संपादित केले. त्यात एकाच धन्याची स्तुती कवी अनेक भाषांत करतात. तिथे प्रसंग दरबाराचा होता, म्हणून प्रत्येकाला आपापल्या भाषेत उभे राहता आले. पुढच्या काळातले उदाहरण भीमसेन जोशी यांचे. गदगकडचा हा गायक ‘संतवाणी’त मराठी अभंग गात असे आणि ‘दासवाणी’त पुरंदरदासांची कन्नड पदे. दोन्हीकडे दैवत विठ्ठलच, म्हणून तुकारामांना कन्नडात आणि पुरंदरदासांना मराठीत उतरवून घेण्याची गरज पडली नाही. पुण्याच्या श्रोत्याने कन्नड पद कन्नडमध्येच ऐकले, धारवाडच्या श्रोत्याने अभंग मराठीतच.