नाणेघाटातला जमाखर्च

प्राचीन राजनीतिशास्त्राने राज्याची जी सात अंगे मानली, त्यांत कोश, म्हणजे राजाचा खजिना, हे एक अंग आहे. त्यात भर कोठून पडते आणि तो कोणावर रिता होतो, यावर राज्याची प्रकृती ठरते. राजवाड्याच्या संग्रहालयात काचेआड मांडलेल्या खजिन्याला ही ये-जा उरलेली नसते. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या राजवाड्यात सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले रत्नभांडार दालनांतून मांडले. १९४५ च्या बॉम्बवर्षावात तो राजवाडा उद्ध्वस्त झाला, पुढे दीर्घकाळ चाललेल्या पुनर्बांधणीनंतर २००६ मध्ये ती ऐतिहासिक दालने पुन्हा उघडली, आणि २०१९ मध्ये तेथून हिरेजडित दागिने चोरीला गेल्यावर जगभर बातमी झाली. सॅक्सनीच्या वैभवामागे तेथील डोंगरांतल्या चांदीच्या खाणी होत्या. पण हिऱ्यावर खिळलेली नजर खाणीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

जुन्नरची स्थिती नेमकी उलट आहे. प्राचीन सातवाहन राजांचा राजवाडा येथे उभा नाही, त्यांचा मुकुट किंवा सिंहासन कोणी पाहिलेले नाही. परंतु त्यांच्या कोशातून काय गेले, याची नोंद मात्र कातळात शिल्लक आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून आलेली वाट जेथे घाटमाथ्यावर चढते, त्या जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख आहे. साधारणपणे तो इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो आणि सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. अश्वमेध, राजसूय यांसारख्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची त्यात यादी आहे: एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे, आणखी एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. यज्ञ पाहायला जमलेल्यांना आणि सेवकांना वाटलेली ६,००१ नाणीही वेगळी लिहिली आहेत, आणि त्या वरच्या एका नाण्यात हिशेब लिहिणाऱ्याचा काटेकोरपणा दिसतो.

सर्वांत बोलका आहे तो मात्र लहान आकडा. अग्न्याधेय या यज्ञाच्या दक्षिणेत बारा गाई आणि एक घोडा दिल्याचे लिहिताना कोरणाऱ्याने आधी ‘बारस’ हा शब्द कोरला, जो आजच्या ‘बारा’चा पूर्वज आहे, आणि लगेच पुढे तीच संख्या अंकांतही कोरली. स्थानमूल्याची पद्धत तेव्हा वापरात नसल्याने दहाचे एक चिन्ह आणि त्याशेजारी दोनाचे एक, असे ते बारा होतात. रक्कम अक्षरी आणि अंकी अशी दोन्ही लिहायची, ही धनादेशावर आजही पाळली जाणारी रीत येथे दोन हजार वर्षांपूर्वी दिसते.

अर्थात हा सारा खर्च झाला, आणि तोही राजघराण्याने स्वतःच्या गौरवासाठी लिहवून घेतलेला. त्या अकरा हजार गाई कोणाच्या गोठ्यांतून आल्या, याविषयी भिंत गप्प आहे. जमेची बाजू घाटाच्या माथ्यावरच, उघड्यावर आहे. तेथे दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे आणि घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकात टाकीत, अशी परंपरा सांगते. ही परंपरा शब्दशः खरी धरली नाही तरी घाटाने राज्याला धन दिले हे नाकारता येत नाही, कारण जुन्नरभोवतीच्या दोनशेहून अधिक लेण्यांतील लेख त्याच व्यापारी संपत्तीची साक्ष देतात. त्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाने, दिलेले लेणे आहे, यवन दात्याने दिलेली पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आहे, आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून गुंतवलेल्या पैशांचीही नोंद आहे.

साठवलेले धन जागेवर राहत नाही, हेही याच परिसराने पाहिले. शिवनेरीच्या पायथ्याच्या आणि त्या काळी मोगलांकडे असलेल्या याच जुन्नरवर शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये छापा घातला, तेव्हा ३ लाख होन आणि २०० घोडे हाती लागल्याचे इतिहासकार सांगतात, आणि ते धन स्वराज्याच्या उभारणीत खर्ची पडले. मंचर-घोडेगावच्या वाटेने आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकरला जाणाऱ्याला देवळासमोर पोर्तुगीज घंटा दिसते; १७३९ च्या मराठ्यांच्या वसईच्या विजयानंतर आलेली ही घंटा तिजोरीत न जाता देवाच्या दारात टांगली गेली.

म्हणून जुन्नरमध्ये या वारशाचे संग्रहालय उभारायचे असेल, तर तलवारींच्या आणि मुकुटांच्या प्रतिकृतींनी दालने भरणे हा चुकीचा मार्ग ठरेल. त्या कोठेही मिळतात, नाणेघाटाचा लेख दुसरीकडे मिळत नाही. दोन्ही भिंतींचे ठसे ओळीनुसार मोठ्या आकारात मांडावेत, शेजारी मराठी अर्थ द्यावा आणि जेथे दगड झिजून अक्षरे गेली आहेत, तेथे तर्काने भर न घालता जागा मोकळी सोडावी. मागच्या भिंतीत सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या मूर्ती होत्या. त्यांची कोरलेली नावे वर वाचता येतात, मूर्तींची मात्र केवळ पावले उरली आहेत. ती पावलेही तशीच दाखवावीत, वरची शरीरे कल्पनेने पूर्ण करू नयेत.