टेन्सच्या डबीविषयी

विद्यानगर, हुबळी

चि. सौ. छकुलीस,

काल फोनवर विचारलंस, बाळंतपणाच्या कळांसाठी पाठीला पट्ट्यांतून हलका विजेचा प्रवाह देणारं टेन्स मशीन बारा मोडचं घेऊ की चोवीसचं? अगं, कळ चढताना मोड निवडायला डोकं ठिकाणावर राहतं का! बाळंतपणासाठी बनवलेल्या मशिनात ‘बूस्ट’ नावाचं बटण असतं. कळ आली की अंगठ्यानं दाबायचं, झिणझिण्या वाढतात. ओसरली की परत दाबायचं. ते बटण आहे का एवढं बघ. दोन वायरी, चार मोठ्या पट्ट्या हव्यात. गुडघेदुखीच्या साध्या डबीला बूस्ट सहसा नसतो, आणि पुष्कळ डब्या वीस-तीस मिनिटांनी आपोआप बंद पडतात. आपल्यातल्याच एकीनं सासऱ्यांच्या कंबरेचं मशीन उसनं नेलं होतं. दर अर्ध्या तासानं ते चालू करून करून बिचारी रडकुंडीला आली. भाड्यानं मिळालं तरी चालेल, पट्ट्या मात्र नव्या घे.

या झिणझिण्यांमागचं तत्त्व साधं आहे. कोपर चौकटीला आपटलं की आपण आधी चोळतो ना? चोळण्याची खबर मज्जारज्जूत दुखण्याच्या खबरेची वाट अडवते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हे ‘दार’ शास्त्रात मांडलं. सुईणी कंबर दाबून द्यायच्या, त्यांना ते हातानं ठाऊक होतं.

तेल लावणाऱ्या अक्काला एक बजावून ठेव. कळांच्या दिवशी पाठीला खोबरेल लावायचं नाही. तेलकट अंगावर पट्टी धरतच नाही, कडा सुटल्या की चटके बसतात. लावलंच असेल तर साबणानं धुऊन कोरडं करा. वरची जोडी ब्राच्या पट्ट्याच्या पातळीला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. खालची कंबरेखाली दोन खळ्या पडतात तिथं. परकराची नाडी त्यावर काचते, गाऊनच घाल. पोटावर पट्टी कधीच नाही. आंघोळीला जाताना काढायची.

आता खरं सांगते. या मशिनानं कळा जात नाहीत. २००९ च्या कोक्रेन आढाव्यात दुखण्याच्या मोजमापात फारसा फरक दिसला नव्हता, तरी पुष्कळ बायकांनी पुढच्या वेळीही वापरू म्हणून सांगितलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं तर २०१४ च्या मार्गदर्शनात कळा पक्क्या लागल्यावर टेन्स देऊच नका म्हटलं होतं. माझ्या मते ते सुरुवातीच्या तासांसाठी, घरात येरझारा घालताना आणि धारवाडहून सत्तूरच्या दवाखान्यापर्यंतच्या गाडीत. हातात काहीतरी असतं, तेवढ्यानंही धीर येतो. तिथं नर्स ‘ब्यानी’, म्हणजे कळा, कधी सुरू झाली विचारतील, तेव्हा मशीन लावलंय हेही सांग. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढताना ते अडथळा आणू शकतं. डॉक्टरांना मात्र आजच विचार. पेसमेकर असलेलीनं लावूच नये, फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मशीन लावत घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सदतीस आठवडे भरायच्या आत तुझ्या अंगाला लावायचं नाही. म्हणून रविवारी येते आणि पट्ट्या जावईबापूंच्या पाठीवर लावून दाखवते. बटण तू दाब.

तुझी,
मावशी